झुरळ बँडची गायिका

मी एका बँडची गायिका होते, हे मला माझ्याच दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

आमचं स्टिकरचं दुकान आहे. गाड्यांवरचे नंबर, काचेवरची अक्षरं, बरण्यांवरची लेबलं, 'कृपया दार हळू लावा'च्या पट्ट्या, म्हणाल ते करून देतो. नवरा ऑर्डरी आणतो, मी मशीन चालवते, आणि उरलेल्या वेळात आम्ही दोघं भांडतो. त्या दिवशी हिरव्या केसांची एक पोरगी आली आणि तिने पोस्टरसाठी पेनड्राइव्ह पुढे केला. मी फाइल उघडली. मधोमध भलंमोठं झुरळ. वर लिहिलेलं, 'झुरळ पुन्हा एकत्र!' खाली, 'ड्रम: दादा. गायन: ताई.' आणि त्याच्याखाली, रविवारी दुपारी, स्केट पार्क.

"ही कुठली ताई?" मी विचारलं.

पोरगी लाजली. "काय मॅडम, चेष्टा करता गरिबाची! तुम्हीच की. तुम्ही परत गाणार म्हटल्यावर माझ्या मोठ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं."

"माझ्याही यायला लागलंय," मी म्हणाले आणि फोन उचलून आमच्या धाकट्याला लावला. त्याने अर्थातच उचलला नाही. त्याला संकटाचा वास येतो.

आता धाकटा म्हणजे माझा भाऊ. वयाने चाळिशीला टेकला, पण चाकांच्या पाटीवरून अजून खाली उतरलेला नाही. दिवसा माझ्या दुकानात कापलेले स्टिकर सोलतो आणि संध्याकाळ झाली की पार्कात पोरांना स्केटबोर्ड शिकवतो. शिकवतो मात्र सुरेख, हे मी त्याच्याशी बोलत नसतानासुद्धा मान्य करते. घाबरट पोर असलं तरी त्याच्या हाताला धरून रॅम्पवरून खाली येतं आणि वर बघून हसतं. पोरं त्याला दादा म्हणतात. एवढ्यावर माणसाने समाधानी असावं की नाही? पण नाही. याला बँड पाहिजे होता.

हे झुरळ आलं कुठून तेही सांगते, कारण ते छापलं आम्हीच. फार पूर्वी कीटकनाशकवाल्यांची एक ऑर्डर होती. चित्रात झुरळ पाठीवर पडलेलं, पाय वर, मेलेलं. खाली ठळक अक्षरांत 'एकही उरणार नाही!' मी दोन दिवस तापाने पडले होते म्हणून काम धाकट्याकडे दिलं. त्याने चित्र पाहिलं आणि त्याला वाटलं, अरेच्चा, हे तर उलटं आलंय. झुरळाचे पाय वर कसे असतील? म्हणून या शहाण्याने ते सरळ केलं. अक्षरं जिथल्या तिथे, आणि झुरळ ताठ, पायांवर उभं, मिशा रोखून बघतंय. सगळा माल तसाच छापला, कापला, गठ्ठे बांधले. कीटकनाशकवाले आले, स्टिकर हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, इथे तर झुरळच माणसांना धमकी देतंय." माल आमच्याच गळ्यात पडला. मी धाकट्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ते गठ्ठे माझ्या डोळ्यांसमोरून जावेत म्हणून तो पार्कात घेऊन गेला. आणि पार्कातली रीत अशी, की स्केटबोर्डच्या पाटीच्या खालच्या अंगाला स्टिकर लावायचे. वर नाही, खाली, जिथे पाटी लोखंडी नळीवरून घसरली की ते घासून फाटणार, सोलणार, अर्धे उरणार. ज्याचे स्टिकर कोरे करकरीत, तो कच्चा. काही हुशार पोरं घरी बसून आपल्याच स्टिकरवर सँडपेपर मारतात म्हणे, तेही मी ऐकलंय. शिवाय कुणाचे स्टिकर लावलेत हेही बघतात. बुटांच्या खोक्यात फुकट आलेला लावला तर नाक मुरडतात. पंक, म्हणजे नुसता आरडाओरडा करणाऱ्या, बँडचा लावला तर मान डोलवतात, पण लगेच विचारतात, "बरं, तीन गाणी सांग." सांगता आली नाहीत तर संपलं. त्या पोराला मग आठवडाभर कुणी रॅम्पवर पुढे येऊ देत नाही. आत घ्यायला यांच्या परीक्षा, आणि म्हणे आम्ही कुणाचे नियम पाळत नाही!

तर धाकट्याच्या पाटीखाली हे झुरळ दिसलं आणि कुणीतरी विचारलं, "हा कुठला बँड?"

आता इथे खरं सांगायला काय जात होतं? 'बँड कसला, औषधाची जाहिरात आहे, माझ्याच चुकीने बिघडली.' सगळे हसले असते आणि विषय मिटला असता. हा म्हणाला, "आमचा."

मग काय, बँड वाढत गेला. गाणी कुठे मिळतील? आम्ही रेकॉर्ड करत नाही, तत्त्वात बसत नाही. कार्यक्रम कुठे? एका तळघरात झाला, एकदाच. गिटारवाला? त्याला तर धाकट्याने चक्क मारून टाकला, तापाने. आणि गायिका कोण, असं विचारल्यावर समोर नाव आलं ते माझं. ताईने संसारासाठी गाणं सोडलं, असं त्याने सांगितलं. तरीच! इतकी वर्षं पार्कातली पोरं दुकानात यायची, लेबलं घ्यायची आणि जाताना माझ्याकडे असं बघायची, जणू माझ्या घरात कुणीतरी गेलंय. एकीने तर माझा हात दाबून "आम्हाला कळतं" म्हटलं होतं. मला वाटलं, नवऱ्याबद्दल बोलतेय.

झुरळ मात्र फोफावलं. कारण सरळ आहे. ज्या बँडचं एकही गाणं नाही, त्याची तीन गाणी कुणी विचारूच शकत नाही. विचारणाऱ्यालाही माहीत नसतात ना! सगळ्यात निर्धोक स्टिकर. तो पाट्यांखाली लागला, हेल्मेटवर लागला, दिव्याच्या खांबांवर लागला, आणि पाटीला चीर गेली तर पोरं ती चीर झुरळाने बुजवायला लागली. दातांचे एक डॉक्टर आहेत, गुडघ्यांना फोमचे तुकडे बांधून सुट्टीच्या दिवशी पार्कात येतात. ते छातीठोक सांगतात, "मी तळघरात होतो. महिनाभर कान वाजत होते." त्यांच्या दवाखान्याच्या दारावरही झुरळ आहे. पेशंटना काय वाटत असेल देव जाणे.

पोस्टर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा दुकानात आला तो दारातूनच हात जोडून.

"ताई, आधी ऐकून घे."

"संसारासाठी गाणं सोडलं होय मी? अरे, मी अंघोळ करताना गुणगुणले तरी तुझे भाऊजी दार वाजवतात!"

"पोरांनी परस्पर ठरवलं गं. नवा रॅम्प झालाय, त्याचा आनंद म्हणून. मी नाही म्हणेपर्यंत टिल्लूने सगळ्यांना सांगून टाकलं होतं."

टिल्लू त्याची मुलगी, माझी भाची. पंधरा वर्षांची, बापापेक्षा उंच झाली तरी नाव टिल्लूच राहिलं. आमची भावजय वेगळी झाली तेव्हापासून टिल्लू तिच्याकडे असते आणि रविवार तेवढा बापाचा. सकाळी पाटी घेऊन येते, दिवसभर दोघं पार्कात पडतात, उठतात, गुडघे फोडून घेतात आणि संध्याकाळी ती जाते. धाकट्याचे बाकीचे सहा दिवस कसे जातात ते मी बघते. सोमवारी तो बोलत नाही.

"तिच्या आईने तिला काय सांगितलंय माहितेय ना?" तो म्हणाला. "तुझ्या बाबाच्या तोंडून निघालेला एकही शब्द खरा नसतो. टिल्लू म्हणाली, मग ये आणि बघ. तिची आई येणार आहे, ताई. दोघी पुढे उभ्या राहणार आहेत."

"मग खरं सांग टिल्लूला."

"आणि तिने यायचं बंद केलं तर? आता ती लहान नाही. कुणी जबरदस्ती करत नाही तिला. नको वाटलं तर येणार नाही, बस्स." तो उगाच एक कापलेला स्टिकर सोलायला लागला. "माझ्याकडे दुसरं आहे काय गं? भाड्याची खोली आणि दुखरा गुडघा. पार्कात ती सगळ्यांना सांगते, झुरळचा ड्रमर माझा बाबा आहे. तेव्हा तिची मान अशी ताठ होते…"

त्याने आपली मान ताठ करून दाखवली. मला इतका राग आला होता, तरी मी स्टूल त्याच्याकडे सरकवलं. धाकटी भावंडं असतातच अशी. ती कुऱ्हाड पायावर मारून घेतात आणि मग पाय आपल्याकडे आणून दाखवतात.

"मी गाणार नाही," मी बजावलं.

"गाऊच नकोस! मी सांगितलंय, तुझ्या घशाचं ऑपरेशन झालंय. गळ्याला मफलर गुंडाळून नुसती उभी राहा. मी दोनतीन मिनिटं बडवतो, पंक आहे, कुणाला काय कळतंय. मग मी म्हणतो, ताईला त्रास होतोय. आणि उतरू."

माझा घसासुद्धा त्याने परस्पर कापून ठेवला होता.

रविवारी दुपारी मी मफलर गुंडाळून पार्कात गेले. ऊन असं की डोकं तडकावं. नवऱ्याला म्हटलं होतं येऊ नका, म्हणून तो सगळ्यात आधी येऊन सावलीत बसला होता. नव्या रॅम्पच्या माथ्यावर ड्रम मांडलेले, कुणाकुणाकडून गोळा केलेले, एक पिवळा, एक निळा. मला वर चढवायला चार पोरांनी हात दिले. एक म्हणाला, "सावकाश, घशाला जपा." घशाने कुठे चढतात, मूर्खा!

मी वरून खाली गर्दीकडे बघितलं. सगळ्या पाट्या उलट्या धरलेल्या, जिकडे बघावं तिकडे झुरळं. फाटकी, अर्धी, मिशी गेलेली, पाय गेलेली. पुढे टिल्लू, तिची मान खरंच ताठ होती. तिच्या मागे आमची भावजय, हाताची घडी घालून.

धाकटा बसला. काठ्या उचलल्या. त्याने जन्मात ड्रमला हात लावलेला नव्हता, हे मला ठाऊक होतं, पण इतकं लगेच कळेल असं वाटलं नव्हतं. दोनदा मारलं आणि तिसऱ्यांदा काठी हातातून सुटून खाली पोरांत गेली. पोरांना ते मुद्दामच वाटलं, ती काठी पकडायला झुंबड उडाली. एकच काठी उरली. हा घामाघूम होऊन माझ्याकडे बघतोय. तेवढ्यात दातांचे डॉक्टर ओरडले, "ताई, तेच होऊ दे! तळघरातलं पहिलं गाणं!"

झालं. माझं टाळकं सटकलं. इतकी वर्षं मी मशीनवर बसून डोळे फोडले आणि हा मनुष्य मला न झालेलं गाणं गायला सांगतोय. मी मफलर काढून फेकला आणि माइक ओढला.

"कसलं तळघर?" मी ओरडले. "तळघर नव्हतं!"

धाकट्याने घाबरून ड्रमवर काठी आपटली. धाड!

"बँड नव्हता! गाणी नव्हती!"

धाड!

"हे झुरळ मेलेलं होतं! पाठीवर पडलेलं होतं! औषधाच्या पाकिटावरचं होतं! या माझ्या भावाने ते सरळ केलं, म्हणून ते परत आलं!"

धाड, धाड! मी थांबले की तो आपटायचा. मला गप्प करायला आपटत होता, हे मला कळत होतं. पण त्याला एक ठेका यायला लागला, आणि खाली पोरं त्या ठेक्यावर उड्या मारायला लागली.

"तळघर नव्हतं!" हिरव्या केसांच्या पोरीने उचललं.

"नव्हतं! नव्हतं!" सगळा पार्क. सगळ्यात मोठा आवाज दातांच्या डॉक्टरांचा.

"अरे, मी खरं बोलतेय!" मी जीव तोडून सांगितलं.

"खरं बोलतेय! खरं बोलतेय!" पोरं पाट्या जमिनीवर आपटत होती. मग कुणीतरी स्टिकरवरचं वाचायला सुरुवात केली, "एकही उरणार नाही!" आणि तो घोष काही केल्या थांबेना. माझा आवाज फाटला होता, चिरकत होता, आणि जितका चिरकला तितकी पोरं वेडी झाली. मी आयुष्यात लोकांसमोर एकदाच उभी राहिले, खरं ते सगळं सांगितलं, आणि त्याचं गाणं झालं. माझा नवरा उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याला सगळं माहीत होतं, तरी वाजवत होता.

टिल्लू मात्र उड्या मारत नव्हती. ती शब्द ऐकत होती. लहानपणापासून दुकानात माझ्या मशीनखाली खेळलेली पोर ती. अडलेल्या ऑर्डरींना, बिघडलेल्या मालाला, माझ्या तापटपणाला ती पुरती ओळखते. आत्या चिडली की खोटं बोलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिची मान हळूहळू खाली आली. मी ते वरून बघत होते आणि माइक माझ्याच हातात होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरांनी आम्हाला उचलूनच खाली आणलं. पाट्यांवर सह्या घेतल्या. आमची भावजय जवळ आली, म्हणाली, "ताई, आवाज बरा आहे तुमचा." आणि गाडी काढते म्हणून निघून गेली. धाकट्याकडे तिने बघितलंही नाही.

टिल्लू रॅम्पच्या मागे पायरीवर बसली होती. धाकटा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी थोडी मागे थांबले. जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"ड्रम कधीच वाजवले नव्हतेस?" तिने विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"आज पहिल्यांदा."

"कळलं ते." तिला हसू आलं नाही. "आईला काय सांगू? तूच बरोबर होतीस म्हणून?"

"सांग." त्याने डोळे पुसले. "सांग तिला. मला वाटलं, बँड असला की… तू पार्कात सगळ्यांना सांगायचीस ना, त्यामुळे मला वाटलं…"

"काय वाटलं? मी झुरळासाठी यायचे?" टिल्लू उठून उभी राहिली. आता ती रडत होती, चिडून, नाक लाल करून, अगदी माझ्यासारखी. "दर रविवारी? गुडघे फोडून घ्यायला? दुसऱ्या कुणी मला वरून खाली यायला शिकवलं? माझा हात धरून उलटं कोण पळायचं, तुझा तो मेलेला गिटारवाला? इतकी मूर्ख वाटले मी तुला?"

धाकटा नुसता मान हलवत राहिला. हो म्हणत होता की नाही, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"पुढच्या रविवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या येईन. तेव्हा मला काही सांगू नकोस. एक गोष्टसुद्धा नको. फक्त शिकव." आणि पाटी उचलून ती आईच्या गाडीकडे गेली. गाडीत बसेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

टिल्लू न येण्याचा तो रविवार धाकट्याने माझ्या दुकानात काढला. आम्ही रविवारी बंद ठेवतो, पण पोरांची रांगच लागली होती. सगळ्यांना झुरळ पाहिजे होतं. जुना माल संपला होता, त्यामुळे मी मुद्दाम मेलेल्या झुरळाची जुनी फाइल काढून तीच मशीनवर लावली, पाठीवर पडलेलं, पाय वर. पोरांना ते फार आवडलं. नवीन अल्बमचं आहे का, म्हणाली.

धाकटा स्टुलावर बसून स्टिकर सोलत होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगत होता. "अरे, ही औषधाची जाहिरात आहे. बँड नव्हताच. मी थापा मारल्या." एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं, एकाचा तर दंड धरून सांगितलं. पोरं हसायची. दातांच्या डॉक्टरांनी डोळा मारला, म्हणाले, "बरोबर आहे, तत्त्वाला जागलं पाहिजे." हिरव्या केसांची पोरगी जाताना म्हणाली, "दादा, एवढं करून तुम्ही किती साधे राहिलात."

रांग संपली तेव्हा त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "ताई, कुणीच विश्वास ठेवत नाही गं."

"जिने ठेवला असता ती आज आईकडे आहे," मी म्हणाले. बोलायला नको होतं, पण माझं तोंडच तसं आहे.

त्याने खाली ठेवलेला स्टिकर पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी येईल ना?"

"म्हणाली ना येईन? मग येईल. ती काय तुझ्यासारखी आहे?"